मदत हवी आहे : डिजिटल पियानोचा आवाज रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) फारच बारीक येतोय

पांढरी_चार
लवकर उत्तर हवंय. रविवारी भाचीच्या नृत्याच्या क्लासचा कार्यक्रम आहे नाशिकच्या कालिदास कलामंदिरात, ट्रॅक त्याआधी द्यायचाय. डिजिटल पियानो लॅपटॉपला जोडलाय. पियानोच्या स्वतःच्या स्पीकरवर आवाज भरदार. रीपरमध्ये रेकॉर्ड केला की बारीक, कुठूनतरी लांबून आल्यासारखा. गेन (आत येणारा आवाज वाढवायचं बटण) वाढवला तर नुसती सूं सूं वाढते. सगळी सेटिंग बघून झाली. 'ड्रायव्हर अपडेट करा' कृपया सांगू नका. कनेक्शन बरोबर आहे.

सातपूरकर
जोडलाय म्हणजे कशाने? यूएसबी की ऑडिओची वायर? मधे साउंड कार्ड आहे का? पियानो कोणता? कनेक्शन बरोबर आहे की नाही ते आम्हाला ठरवू द्या ना.

पांढरी_चार
वायरने. साउंड कार्ड आहे अर्थात, दोन इनपुटवालं. विंडोज ११. पियानो ८८ पट्ट्यांचा, साधा. कंपनीने काय फरक पडतो?

मिडी_महाराज
पडतो. काही पियानोंच्या यूएसबीतून फक्त मिडी जातो, काहींच्या ऑडिओसुद्धा. यामाहाचंच घ्या, पी-४५ ला नुसता मिडी, पी-१२५ ला दोन्ही. मिडीत आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढंच जातं. जोराचा आकडा १ ते १२७. तुमच्या पट्ट्या जड असतील तर आकडे ४०-५० च्या वर जातच नसतील आणि प्लगइन, म्हणजे लॅपटॉपमधला पियानो, हळूच वाजणार. पियानोच्या मेनूत टच 'सॉफ्ट' करा, काम झालं.

पांढरी_चार
मी प्लगइन वापरतच नाहीये. मला पियानोचाच आवाज हवाय.

मिडी_महाराज
का पण? मिडीने घ्या आणि पियानोटेक प्लगइन लावा. त्यात रेकॉर्ड केलेले सूर नसतात, तारेचं आणि हातोडीचं गणित असतं, त्यामुळे लॅपटॉपवर जागा फार खात नाही. चुकलेला सूर नंतर माउसने सरकवता येतो. २०२६ मध्ये वायरने पियानो कोण रेकॉर्ड करतं?

गोदाकाठी
मी करते. काही अडचण आहे?
पांढरी_चार, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आमच्या इंदिरानगरला अर्थिंग इतकं वाईट की चार्जर लावला की रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण यायची. इलेक्ट्रिशियन बोलावून नवा अर्थिंगचा खड्डा करून घेतला तेव्हा कुठे थांबली.

पांढरी_चार
गुणगुण नाहीच आहे हो. आवाज कमी आहे.

तोडी_प्रेमी
नॉर्मलाइज करा, म्हणजे अख्खं रेकॉर्डिंग एकदम मोठं करा. रीपरमध्ये क्लिपवर राइट क्लिक, एका मिनिटात काम.

सातपूरकर
नॉर्मलाइजने सूं सूं पण तेवढीच वर येईल, ते त्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. वाचत जा राव. आणि रीपरमध्ये मीटर खाली दिसणं हा आजार नाही. २४ बिटच्या रेकॉर्डिंगला सगळ्यात जोराचा सूर मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास गेला तरी भरपूर झालं. प्रश्न असा आहे की आवाज नुसता कमी आहे का पातळ पण आहे? कोणते सूर जास्त मार खातात?

पांढरी_चार
आता म्हणालात म्हणून नीट ऐकलं. मधल्या सप्तकातले सूर जवळजवळ गायब. अगदी खालचे आणि वरचे त्यामानाने बरे. आणि रिव्हर्ब मात्र छान ऐकू येतोय, सूर कमी आणि घुमणंच जास्त.

काळी_दोन
एक विचारू का? विष्णु दिगंबर पलुस्करांनी रामनाम आधाराश्रम ज्या गावात काढला, त्या गावात नृत्याच्या कार्यक्रमाला पियानो? एक चांगली पेटी आणि एक माइक, बस. ना वायर ना लॅपटॉप.

तोडी_प्रेमी
पेटीचं कौतुक आपण सांगू नये. रेडिओवर १९४० ते १९७१ बंदी होती पेटीला, कारण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. पियानोत आणि तिच्यात त्या बाबतीत काय फरक?

काळी_दोन
भाता आहे, हा फरक. सूर धरून ठेवता येतो, फुगवता येतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विझायला लागतो. आणि बंदी घालणाऱ्यांनी साथीला काय ऐकलं असतं, सारंगी? सारंगिये आता किती उरलेत ते सांगा.

सातपूरकर
पेटीचा वेगळा धागा काढा भो.
पांढरी_चार, वायरचं सांगा. पियानोच्या कोणत्या भोकात आणि साउंड कार्डच्या कोणत्या? दोन्ही टोकांच्या जॅकवर किती काळ्या रिंगा आहेत? नीट बघून सांगा.

पांढरी_चार
पियानोला लाइन आउट नाही, हेडफोनचंच आहे. तिथून साउंड कार्डच्या इनपुट १ मध्ये. पाव इंची जॅक, दोन्ही टोकांना दोन-दोन रिंगा. वायर चांगली आहे, जाड, महागातली. बटण 'इन्स्ट' वर आहे, पियानो इन्स्ट्रुमेंटच आहे ना.

सातपूरकर
सापडलं.
हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ येतो. जॅकच्या टोकावर डावा, दोन काळ्या रिंगांमधल्या धातूच्या पट्टीवर (तिलाच रिंग म्हणतात) उजवा, खाली अर्थ. तुमच्या कार्डचं इनपुट बॅलन्स्ड आहे. त्याला वाटतं टोकावर आणि रिंगवर एकच आवाज उलटसुलट आलाय, म्हणून ते एकातून दुसरा वजा करतं. लांब वायरीत शिरलेला खरखराट घालवायची ती युक्ती आहे, पण तुमच्याकडे डाव्यातून उजवा वजा होतोय. मधल्या सप्तकाचे सूर दोन्हीकडे जवळपास सारखे, ते कटतात. रिव्हर्ब दोन्हीकडे वेगळा, तो उरतो. म्हणून 'लांबून आल्यासारखा'. गेन कितीही वाढवा, जे कटलं ते येणार नाही.

गोदाकाठी
माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण चालू आहे का ते पण बघा.

सातपूरकर
त्याचा इथे काही संबंध नाही. सहसा तो वीजपुरवठा मोठ्या तीन पिनांवर जातो, जॅकवर नाही.

तोडी_प्रेमी
मग सोपं आहे, एका रिंगेची गिटारची मोनो वायर लावा. घरात असेलच.

सातपूरकर
लावू नका! मोनो जॅक हेडफोनच्या भोकात घातला की उजवं आउटपुट थेट अर्थला शॉर्ट होतं. काही पियानो सहन करतात, काही नाही.
वाय वायर आणा. एका टोकाला पाव इंची स्टिरिओ, म्हणजे दोन रिंगांचा जॅक, दुसऱ्या टोकाला दोन मोनो. दोन्ही मोनो इनपुट १ आणि २ मध्ये. दोन्ही बटणं 'लाइन' वर, 'इन्स्ट' गिटारच्या पिकअपसाठी असतं. रीपरमध्ये ट्रॅकचं इनपुट स्टिरिओ १/२ करा. पियानोचा व्हॉल्यूम पाऊण ठेवा, पूर्ण नको, मग कार्डचा गेन कमीच लागेल आणि सूं सूं आपोआप जाईल.

पांढरी_चार
ही वायर नाशकात मिळेल का ऑनलाइन मागवू? ऑनलाइन रविवारच्या आत येणार नाही. आणि आधी केलेलं रेकॉर्डिंग वाचवता येईल का? त्यात एक टेक फार चांगला झालाय.

सातपूरकर
वाचणार नाही. वजा झालेलं परत येत नाही, पुन्हा वाजवा. वायरसाठी एमजी रोडला साउंडचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा. तयार नसेल तर सोल्डर करून मागा : स्टिरिओ जॅकचं टोक डाव्या मोनोच्या टोकाला, त्याची रिंग उजव्या मोनोच्या टोकाला, अर्थ दोघांना. शिल्डेड (आत जाळीचं आवरण असलेली) वायर म्हणून सांगा, नाहीतर दारावरच्या बेलची वायर लावून देतात.

मिडी_महाराज
एवढ्या वेळात यूएसबीने तीन ट्रॅक झाले असते.

गोदाकाठी
झाले असते, पण त्यांच्या पियानोच्या आवाजात नाही.

पांढरी_चार
वायर मिळाली, तयारच होती. लावली. आवाज आला, मधले सूर पण. आता डावीकडे थोडा जास्त वाटतोय.

सातपूरकर
दोन्ही गेन नजरेने सारखे फिरवले तरी तंतोतंत सारखे नसतात. मधला एकच सूर दाबून धरा, दोन्ही मीटर बघत उजवा गेन किंचित वाढवा. जुळले की दोन्हींना हात लावू नका.

पांढरी_चार
जुळले. आता रेकॉर्ड करतो.

काळी_दोन
कार्यक्रमाला पेटी लागलीच तर सांगा, पंचवटीतून कालिदासला आणायला काही फार लांब नाही.