एजंट म्हणतो बर्लिनच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत सीट पक्की, पैसे भरू का?

इचलकरंजी_माग

नमस्कार मंडळी. मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, शिवाजी विद्यापीठ, सीजीपीए ७.६. तिसऱ्या सेमला एक विषय राहिला होता, तो पुढच्या परीक्षेत निघाला. तिला जर्मनीला एमएस करायचंय, दोन वर्षं झाली घरात तेच चाललंय. मला यातलं काही कळत नाही, आमचे माग आहेत, चार पैसे बाजूला आहेत पण लई नाहीत. कोल्हापुरात एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो तर ते म्हणाले ७.६ आणि वर बॅकलॉग, सरकारी युनिव्हर्सिटी विसरा, त्यापेक्षा बर्लिनला एक प्रायव्हेट आहे, इंजिनिअरिंग मॅनेजमेंटचा कोर्स, फी वर्षाला १४ हजार युरो, सीट पक्की, फक्त या आठवड्यात दोन हजार युरो भरून टाका. शिवाय ब्लॉक अकाऊंट म्हणून १२ लाख वेगळे. त्यांची स्वतःची फी मात्र शून्य, सगळी सर्व्हिस फ्री. आता एवढं ऑफिस, एसी, पाच-सहा पोरी कामाला आणि फ्री कसं हे माझ्या डोक्यात बसेना म्हणून इथं विचारतोय. मुलगी म्हणते पप्पा थांबा, तिची आई म्हणते सीट जाईल. शेड तारण ठेवून कर्ज काढायची तयारी आहे पण उगाच नको. कुणाला माहिती असेल तर सांगा.

मिरजेची_केमनिट्झमध्ये

काका नमस्कार, मी मिरजेची, सध्या जर्मनीत टीयू (टेक्निकल युनिव्हर्सिटी) केमनिट्झला ॲडव्हान्स्ड मॅन्युफॅक्चरिंग करतेय. आधी एकच, या आठवड्यात कुणालाही एक रुपया देऊ नका. ती सीट कुठेही जात नाही, पैसे भरणाऱ्याला तिथे वर्षभर सीट असते.

फ्री कसं ते सांगते. प्रायव्हेटवाले एजंटला प्रत्येक ॲडमिशनमागे कमिशन देतात. इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्या कमिशन देत नाहीत, म्हणून त्या त्यांच्या यादीत नसतात, विषय संपला. तुमच्या मुलीचे मार्क कमी आहेत म्हणून नाही.

आता मार्कांचं. जर्मनीत १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. आपला सीजीपीए तिकडे बदलायला एक फॉर्म्युला आहे, बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. जास्तीत जास्त ग्रेडमधून आपली ग्रेड वजा करायची, त्याला जास्तीत जास्त वजा पासिंग ग्रेड याने भागायचं, तीनने गुणायचं आणि एक मिळवायचा. १० पैकी ७.६ आणि पासिंग ४ धरलं तर २.२ येतात. बऱ्याच कोर्सना २.५ पर्यंत चालतं, म्हणजे आपला सरळ ७ सीजीपीए. तर २.२ वाईट नाहीच. टॉपच्या दोन-चार ठिकाणी अवघड जाईल, बाकी दारं उघडी आहेत. एक विषय राहून निघाला हे इथे फारसं कोणी बघत नाही, माझ्या बॅचला तीन-तीन बॅकलॉगवाले आहेत.

खरी चाळणी मार्कांची नसतेच, विषयांची असते. प्रत्येक मास्टर्स कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं की बॅचलरमध्ये मॅथ्सचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोडायनॅमिक्स, डिझाईन, मॅन्युफॅक्चरिंग इतके इतके हवेत. हे ईसीटीएस नावाच्या युरोपियन क्रेडिटमध्ये असतं. आपल्याकडची पोरं हे वाचतच नाहीत, ९ पॉइंटरवालासुद्धा मॅथ्सचे पाच क्रेडिट कमी पडले म्हणून रिजेक्ट होतो आणि ७ वाला आत जातो. तेव्हा तिला सांगा की आठही सेमचा सिलॅबस पीडीएफ काढ, एक्सेल बनव, एका बाजूला आपला विषय आणि दुसऱ्या बाजूला त्यांचा, आणि जिथे जुळतं तिथेच अर्ज कर. कोर्स शोधायला डाडची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या जर्मन संस्थेची (DAAD), वेबसाईट आहे, त्यात इंग्लिश मिडीयम, फी नाही, मास्टर्स असे फिल्टर लावता येतात. एजंटची गरज नाही, खरंच.

ठाणे_पश्चिम_६२

वरच्या ताईने बरोबर सांगितलंय, मी पालक म्हणून पैशाचं आणि कागदांचं सांगतो, कारण मुलगा आखेनला आहे आणि हे सगळं मीच धावपळ करून केलंय.

इचलकरंजीकर साहेब, ब्लॉक अकाऊंट ही फी नाही हो. ते पैसे मुलीचेच असतात. वर्षाला ११,९०४ युरो भरून ठेवायचे आणि तिकडे गेल्यावर दर महिन्याला ९९२ तिच्या हातात येतात, त्यातच भाडं, जेवण, इन्शुरन्स. एजंट लोक हे फीसोबत एका दमात सांगतात त्यामुळे आपली छाती दडपते. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही, फक्त सेमेस्टर काँट्रिब्युशन, साधारण दोनशे ते चारशे युरो, त्यात बऱ्याचदा बस-ट्रेनचा पास येतो. अपवाद आहेत ते लक्षात ठेवा. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह तिकडे, आपल्यासारख्या युरोपबाहेरच्या पोरांना २०१७ पासून सेमेस्टरला १,५०० युरो आहेत. टीयू म्युनिकने २०२४ च्या विंटरपासून लावली, मास्टर्सला ४,००० किंवा ६,००० युरो पर सेमेस्टर. इतरही काही ठिकाणी काही कोर्सना फी असते, तर जर्मनी फुकट असं सरसकट धरू नका, ज्या कोर्सला अर्ज करताय त्याचं पान उघडून बघा.

कागदांत सगळ्यात आधी एपीएस. भारतातल्या डिग्र्या खऱ्या आहेत का हे तपासून सर्टिफिकेट देतात, दिल्लीला कागद पाठवायचे, फी १८,००० रुपये. १ नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसाला ते लागतंच आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्या अर्जासोबतच मागतात. त्यामुळे आयईएल्ट्स (इंग्लिशची परीक्षा) वगैरे होईल तेव्हा होईल, एपीएस आधी टाका. नंतर युनि-असिस्ट, बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज त्यांच्यामार्फत जातात, पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमेस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. काही युनिव्हर्सिट्या थेट स्वतःच्या पोर्टलवर फुकट घेतात. दहा ठिकाणी अर्ज केले तरी एजंटच्या डिपॉझिटच्या पावपटसुद्धा खर्च होत नाही, हिशोब करा.

तारखा बेभरवशाच्या. विंटर सेमेस्टर ऑक्टोबरला सुरू, सर्वसाधारण शेवटची तारीख १५ जुलै म्हणतात पण आपल्यासारख्यांना बऱ्याच ठिकाणी खूप आधी असते, आखेन १ मार्च. शेवटच्या सेमचा रिझल्ट नसला तरी आतापर्यंतच्या मार्कशीटवर अर्ज घेणाऱ्या बऱ्याच आहेत, डिग्री नंतर दाखवायची.

कर्ज काढायचंच असेल तर ब्लॉक अकाऊंटपुरतं आणि तिकिटापुरतं काढा. लोनमधून पैसे बाहेर पाठवले तर टीसीएस, म्हणजे बँक आधीच कापून घेते तो टॅक्स, लागत नाही, स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर गेले की लागतो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोपर्यंत अडकतो. शेड तारण ठेवायची वेळ येऊ नये असं वाटतं.

स्पष्टच_बोलतो

सगळे गोड गोड बोलतायत तर मी जरा कडू बोलतो. ॲडमिशन मिळेल हो, ॲडमिशन हा प्रश्नच नाहीये. पुढे काय? २०२४ च्या डिसेंबरमध्ये फोक्सवॅगनने २०३० पर्यंत ३५ हजारांवर नोकऱ्या कमी करायचं युनियनशी ठरवलं. मेकॅनिकल आणि ऑटोमोबाईल म्हणून जाणाऱ्यांनी हे माहीत असून जावं. आणि इंग्लिश मिडीयमचा कोर्स करून जर्मन न शिकता नोकरी शोधणारे आपले किती लोक आहेत ते इथल्या मराठी मंडळात येऊन बघा, अठरा महिन्यांचा जॉब सर्च परमिट असतो तो संपत आला की चेहरे उतरतात. कोर्स इंग्लिशमध्ये आहे पण शॉप फ्लोअर इंग्लिशमध्ये नाहीये. मुलीने आत्तापासून जर्मन सुरू करावं, पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, ऑनलाइन पण बॅचेस असतात, निघायच्या आधी निदान ए२ आणि डिग्री हातात येईपर्यंत बी२ (ए१ पासून सी२ पर्यंत भाषेच्या पायऱ्या असतात). हे करायची तयारी नसेल तर १२ लाख घाला बँकेत एफडीला.

मिरजेची_केमनिट्झमध्ये

@स्पष्टच_बोलतो भाषेचं शंभर टक्के मान्य, बाकी एफडीचं नाही :) वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२४ च्या मार्चपासून वाढवलंय, आधी १२०/२४० होतं. आणि युनिव्हर्सिटीतच हिवी म्हणून प्रोफेसरकडे काम मिळालं तर ते त्या दिवसांत मोजतसुद्धा नाहीत. पहिल्या सेमला मात्र कामाच्या भरवशावर येऊ नका, पहिलं सेम भाषा, घर, अनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंदणी आणि थंडी यातच जातं.

काका अजून एक, तुमचे माग आहेत म्हणून सुचलं. केमनिट्झ हे एकेकाळी कापड गिरण्यांचं शहर, याला सॅक्सनीचं मँचेस्टर म्हणायचे. आजही इथे टेक्सटाइल रिसर्चची इन्स्टिट्यूट आहे, ड्रेस्डेन आणि आखेनला युनिव्हर्सिटीतच टेक्सटाइल मशिनरीवर मोठं काम चालतं, कार्बन फायबर विणणं वगैरे. तुमच्या मुलीने लहानपणापासून माग बघितलेत, धोटा कुठे अडकतो ते तिला आवाजावरून कळत असेल. हे एसओपीमध्ये, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या पत्रात, लिहायला सांगा. बाकीची सगळी पोरं "आय वॉज फॅसिनेटेड बाय मशीन्स सिन्स चाइल्डहूड" लिहितात, तिच्याकडे खरंच आहे. एजंटच्या टेम्प्लेटमध्ये हे येणार नाही.

रोहा_ते_राइन

प्रायव्हेटला सगळ्यांनी एवढं झोडपू नका. मी प्रायव्हेटमधूनच केलं, मॅनेजमेंट, आणि नोकरी पण आहे. पण मी आधी चार वर्षं नोकरी केलेली, पैसे माझे होते आणि मला मॅनेजमेंटच करायचं होतं. मेकॅनिकल करणाऱ्या फ्रेशर मुलीला इंजिनिअरिंग मॅनेजमेंट देणं म्हणजे तिला काय हवंय ते न विचारता जे दुकानात आहे ते बांधून देणं. प्रायव्हेट घ्यायचंच ठरलं तर दोन गोष्टी बघा, एक म्हणजे अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे त्यात त्या संस्थेपुढे एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, असं आहे का, आणि दुसरं म्हणजे कोर्स पूर्णपणे वर्गात आहे का. अर्धा ऑनलाइन, हायब्रिड असलं काही असेल तर लांब राहा, स्टुडंट व्हिसा हा तिथे हजर राहून शिकण्यासाठी असतो आणि व्हिसावाले यात आता फार बारकाईनं बघतात.

पैठणगेट

मध्येच घुसतो. एससी किंवा नवबौद्ध असाल तर समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा, रँकिंगची आणि उत्पन्नाची अट असते, दरवर्षीची जाहिरात नीट वाचा कारण अटी बदलतात. ओबीसी वगैरेंसाठी वेगळी योजना आहे. एजंट हे कधीच सांगत नाहीत.

इचलकरंजी_माग

सगळ्यांचे लई आभार. काल मुलीला हे सगळं वाचून दाखवलं, म्हणजे तिनंच मला वाचून दाखवलं. कन्सल्टन्सीतून सकाळपासून तीनदा फोन, शेवटी त्यांना विचारलं की तुम्हाला कॉलेज किती देतं, तर म्हणे सर असं काही नसतं, आणि मग सरांना विचारून कळवतो. अजून कळवलं नाही. शाहू शिष्यवृत्ती आम्हाला लागू नाही, पण शेजारच्या पोराला सांगितलं.

एक्सेल तिनं चालू केलंय. मॅथ्स आमच्याकडं चार सेमचं आहे, ते बसतंय म्हणते. थर्मो पण बसतंय. एक शंका राहिली, ते ४ पासिंग धरून २.२ येतात म्हणालात, पण तिच्या मार्कशीटवर पासिंग किती असं कुठंच लिहिलेलं दिसत नाही. मग तिकडच्यांना कसं कळणार? दुसरं, प्रोफेसरांचं शिफारसपत्र कॉलेजात मागितलं तर म्हणतात तूच लिहून आण मी सही करतो, असं चालतं का?

मिरजेची_केमनिट्झमध्ये

पासिंगचा मुद्दा फार महत्त्वाचा काका, बरं झालं विचारलंत. त्यांना कुठे लिहिलेलं सापडलं नाही तर ते त्यांच्या अंदाजाने धरतात. ४ ऐवजी ५ धरले तर तिचे २.२ चे २.४४ होतात, म्हणजे २.५ च्या अगदी काठावर. मार्कशीटच्या मागच्या बाजूला ग्रेडचा तक्ता असतो का बघा, बऱ्याचदा असतो, मग स्कॅन करताना मागची बाजू पण स्कॅन करायची. नसेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागातून लेटरहेडवर लिहून घ्या की दहापैकी कमाल ग्रेड एवढी, पासिंग एवढी, सही शिक्का तारखेसह. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमच्या मार्कांचा एकत्र दाखला) काढाल तेव्हाच मागा म्हणजे दोनदा खेपा नकोत, आणि परीक्षेचा सीझन सुरू व्हायच्या आधी जा, नंतर तिथे कोणी भेटत नाही.

शिफारसपत्राचं, सगळीकडे असंच चालतं पण तिनं पूर्ण पत्र लिहून नेऊ नये. कुठल्या प्रोजेक्टवर काय केलं, कुठल्या विषयात किती, असे मुद्दे एका कागदावर द्यावेत आणि सरांना त्यांच्या शब्दात लिहायची विनंती करावी. नाहीतर दोन वेगळ्या सरांची पत्रं एकाच हाताची दिसतात. आणि सगळीकडे पत्र लागतंच असंही नाही, माझ्या कोर्सला मागितलं नव्हतं.

ठाणे_पश्चिम_६२

परीक्षा विभागात जाताना स्वतःच मजकूर टाईप करून न्या साहेब, त्यांनी टाईप करायचा म्हटलं की दोन आठवडे. आणि पासपोर्टवर, दहावीच्या आणि डिग्रीच्या कागदांवर नाव एकसारखं आहे ना तेवढं आजच बघून घ्या, वडिलांचं नाव मध्ये एकीकडे आहे आणि एकीकडे नाही असं आपल्याकडे हमखास असतं.

इचलकरंजी_माग

पासपोर्टच अजून काढलेला नाही. उद्याच बघतो.