फोटोखाली कोणती जन्मतारीख लिहायची?

नौपाडा, ठाणे
पुढच्या महिन्यात आमच्या मोठ्या आईचं, म्हणजे वडिलांच्या आईचं वर्षश्राद्ध आहे. तिचा फोटो लावायचाय. फ्रेमवाल्याने विचारलं, खाली जन्मतारीख काय घालू? घरातल्या एकालाही सांगता येईना. आधारकार्डावर १ जानेवारी १९३२ आहे, पण ती अंदाजाने टाकलेली. तिने स्वतः कधी साल सांगितलं नाही. "मोठं वादळ झालं तेव्हा मी या घरात नवी होते," म्हणायची. ते नोव्हेंबर १९४८चं चक्रीवादळ असणार. "कोयनेच्या भूकंपाला धाकटा पोटात होता. पहाटे फळीवरचे पितळी डबे वाजायला लागले, मला वाटलं मांजर आलं." म्हणजे डिसेंबर १९६७.

तुमच्या घरच्या आजी-पणजीने आपलं वय कसं मोजलं? लिहा ना. लांबलं तरी चालेल.

घणसोली
आमच्या आयेचं सगळं बोलणं 'सिडको यायच्या आदी' नाहीतर 'सिडको आल्यावर' असं. १९७० साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, आली, मग गावोगावच्या जमिनी गेल्या, त्यात आमचं खाडीकडचं भातशेतही गेलं. जानेवारी १९८४च्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात जासईकडे गोळीबार झाला, पाच माणसं गेली. तो महिना ती कधी विसरली नाही. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचा विषय निघाला की आधी त्या पाच जणांचं नाव काढायची.

पण मला लिहायचंय ते वेगळं. आये धवलारीण होती, म्हणजे लग्नातली विधींची गाणी, धवले, गाणारी. आगरी लग्नात हळदीपासून पुढे एकेका विधीला तिचा धवला लागायचा. ना वही ना कागद, सगळं तोंडपाठ. एकदा मी मोबाईल घेऊन समोर बसलो, म्हटलं गा. तिने साफ नाही म्हटलं. "मांडव नाय, हलद नाय, मंग धवला कोनाला गावू?"

शेवटी बहिणीच्या हळदीला मिळालं, अकरा मिनिटं. दर दोन ओळींनी मागून डीजेचा ठोका येतो. मध्येच ती थांबते, कोणाला तरी पाट सरकवायला सांगते आणि सोडलेल्या शब्दापासूनच पुढे उचलते. त्यातले कितीतरी शब्द मला लागत नाहीत. तेव्हा वाटलं, लग्नाची गडबड संपली की निवांत विचारू. पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

तुमच्याकडे कोणी गाणारी असेल तर आज विचारा. खरंच सांगतो, आज.

कोपरखैरणे
आजी माणदेशातली. आजोबा माथाडी, कांदा-बटाटा बाजार मुंबईतून तुर्भ्याला आला तसे आम्ही इकडे आलो. ७२च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. तिथे हातोडा डाव्या अंगठ्यावर बसला. नख गेलं, नवं आलं ते उभं चिरलेलंच, आणि शेवटपर्यंत तसंच वाढत राहिलं. आम्हा नातवंडांना तो अंगठा दाखवून म्हणायची, "हे बहात्तरचं." भाकरी थापताना त्या चिरेत पीठ भरायचं. मग ती काडीने काढत बसायची.

चेंदणी कोळीवाडा
आमच्या आजीला वय विचारलं की खाडीत तेव्हा काय मिळायचं ते सांगायची. ती पोर होती तेव्हा कोलंबी, बोय, निवट्या, चिंबोरी, सगळं दारात. बेलापूर रोडच्या कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं तसं जाळं हलकं झालं. माझ्या बाबांचा जन्म तिने त्या हिशेबात बसवलेला. नव्वदीच्या पुढची होती, एवढं नक्की.

नेरूळ
नौपाड्याच्या ताईंना एक सुचवते. सालाच्या मागे लागू नका, तिथी शोधा. माझी पणजी म्हणायची, "मी पोळ्याची." साल कोणालाच माहीत नव्हतं, पण पोळ्याला तिला ओवाळायचं कधी चुकलं नाही. घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारा, लेकींना माहीत असतं.

नौपाडा, ठाणे
नेरूळच्या ताई, तुमचं वाचून लगेच थोरल्या आत्याला फोन लावला. तिला माहीत होतं! मोठी आई नागपंचमीची. त्या दिवशी चिरायचं-कापायचं नाही, मग नाळ कशी कापू म्हणून सुईण अडून बसली होती. ही गोष्ट तिला तिच्या आईने सांगितलेली, तिने आत्याला. आमच्यापर्यंत आलीच नव्हती. दर नागपंचमीला मोठी आई एका पाटाभोवती रांगोळी काढून त्यावर घटकाभर स्वतःच बसायची. आम्हाला ती सणाचीच रीत वाटायची.

फ्रेमवाल्याला कळवलंय. 'जन्म : नागपंचमी'. साल घातलेलं नाही.