ऑडिओफाइल रीइश्यू: चौपट पैसे नेमके कशाचे?

खरखर:
फ्लीटवूड मॅक बँडचा 'रुमर्स' (१९७७) हा अल्बम माझ्याकडे आता दोनदा आहे. एक जुनी एलपी (मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी) आणि एक ऑडिओफाइल रीइश्यू, म्हणजे आवाजाच्या दर्दींसाठी नव्याने काढलेला, ४५ आरपीएमचा (मिनिटाला ४५ फेऱ्या) दोन तबकड्यांचा जाडजूड संच. काल लेकीला पाठमोरी बसवलं आणि आलटूनपालटून दोन्ही लावल्या. पाचपैकी तीनदा तिने जुन्या एलपीलाच पसंती दिली! संचाला साध्या प्रतीच्या चौपट पैसे मोजलेत. वर दर तीन गाण्यांनी उठून बाजू बदलायची. १८० ग्रॅमचं कौतुकही कळत नाही. तबकडी जड झाली म्हणून खाचेतला आवाज थोडाच सुधारतो? हातात भारदस्त लागते, इतकंच. माझ्या मते पैसे पाण्यात. कुणी पटवून देतंय का?

सुईधागा:
साफ असहमत. १८० ग्रॅमचं सोडा, ते सजावटीचंच आहे. पण ४५ चं तसं नाही. ३३⅓ च्या तुलनेत तेवढ्याच आवाजाला ३५ टक्के जास्त लांबीची खाच मिळते. सुई आत आत सरकते तसा घेर कमी होतो, आणि झांजा नि 'स'कार तिथेच फाटतात. जुन्या एलपीवर 'गोल्ड डस्ट वुमन' अगदी शेवटी, लेबलाला खेटून आहे. ते लावा आणि मग बोला. आणि हो, दोन्हींची पातळी सारखी केली होती का? जे किंचित मोठ्याने वाजतं ते कानाला नेहमीच बरं वाटतं.

खरखर:
पातळी नव्हती जुळवली. मान्य.

तिरकस:
कानांच्या गप्पा चालल्यात म्हणून आठवण करून देतो. मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू काढणाऱ्या कंपनीच्या वेष्टनावर 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग' अशी ठसठशीत पट्टी असते. म्हणजे मधे डिजिटल काही नाही, असाच ग्राहकांचा समज. जुलै २०२२ मध्ये उघड झालं की २०११ पासून त्यांच्या बऱ्याच रेकॉर्डी मास्टर टेपवरून (मूळ फितीवरून) घेतलेल्या डीएसडी या डिजिटल फाइलवरून कापल्या जात होत्या. अकरा वर्षं! आणि अ‍ॅनालॉगची ऊब दारातूनच ओळखणाऱ्या एकाही जाणकाराला कानाने पत्ता लागला नाही. पुढे कोर्टकचेरी झाली, पैसे परत देण्याची तडजोड झाली. कान मात्र परत मिळाले नाहीत कुणाला.

सुईधागा:
अहो, यातून उलटच सिद्ध होतं की! डिजिटल टप्पा असूनही रेकॉर्डी उत्तम वाजत होत्या. कंपनी खोटं वागली हा गुन्हाच, पण तो पट्टीचा, आवाजाचा नव्हे. माझ्या दोन आहेत, एकही परत केली नाही.

तिरकस:
मग पट्टीचे पैसे का मोजलेत?

निवांत:
अ‍ॅनालॉग-डिजिटलच्या भांडणात मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) बाजूला पडतंय. डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' (१९८५) मुळात डिजिटलच रेकॉर्ड केलाय. त्याच्या एलपीवर जागेअभावी काही गाणी छाटली होती, सीडीवर ती पूर्ण होती. ४५ च्या दोन तबकड्यांवर ती पूर्ण मावली, म्हणजे निदान काही मिनिटं तरी पदरात पडतात. पण जुनी सीडी घरात असेल तर ती मिनिटंही आधीच तुमच्याकडे आहेत.
नंतरच्या कितीतरी रीमास्टर सीड्यांत सगळं दाबून एका पातळीला आणलंय. ढोल आणि कुजबुज एकाच उंचीवर! त्यापेक्षा ऐंशीच्या दशकातली सेकंडहँड सीडी शोधावी. मी तरी तेच करतो, आणि वाचलेल्या पैशांतून कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) बदलली. फरक पहिल्याच गाण्यात कळला.

सुईधागा:
चांगली कार्ट्रिज लावल्यावरच संचाची मजा कळेल, निवांत. एकदा ऐका तरी.

खरखर:
ताजा निकाल. फोनवरच्या मीटरने पातळी जुळवली आणि 'गोल्ड डस्ट वुमन' लावलं. पाचपैकी पाचदा संच! जुन्या एलपीवर 'स' खरंच चरचरतो, इतकी वर्षं मला तो गाण्याचाच भाग वाटायचा. मग 'ड्रीम्स' लावलं, तिथे लेकीला काही ठरवता येईना. सुईधागा, एका गाण्यापुरते तुम्ही जिंकलात. बाकीच्या दहा गाण्यांच्या पैशांचं काय ते सांगा.