दृष्टी गेल्यावर खचलेल्या आईला धीर कसा द्यावा?

प्रश्न
माझी आई ७६ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग, म्हणजे मॅक्युला, वयोमानाने झिजल्यामुळे तिला समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही आणि गेलेली दृष्टी परत येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. तिने बाहेर जाणे सोडले आहे. मी तिच्या हातातले काम घेतले की ती चिडते. परवा कोपऱ्यात लहान मुले उभी दिसतात असे म्हणाली आणि लगेच विषय बदलला. तिच्या मनाला उभारी कशी द्यावी?

प्रतिसाद १
माझीही मधली दृष्टी गेलेली असल्याने आईंचे चिडणे मला समजते. ओळख न दाखवल्यामुळे लोक आपल्याला शिष्ट समजतील, ही धास्ती माणसाला घरात कोंडून घालते. म्हणून जवळ येणाऱ्याने आधी स्वतःचे नाव सांगावे, एवढे सर्वांना सांगून ठेवा. काम मात्र काढून घेऊ नका. पांढऱ्या कपात दूध कुठवर आले ते दिसत नाही, पण गडद रंगाच्या कपात तेच दूध ओतले तर त्याची पातळी चढताना कळते. कडेची दृष्टी सहसा शाबूत राहते आणि नजर किंचित बाजूला वळवून पाहण्याचा सराव लो व्हिजन तज्ज्ञ, म्हणजे उरलेली दृष्टी वापरायला शिकवणारे जाणकार, करून घेतात. ‘सगळे ठीक होईल’ असे कृपया म्हणू नका, कारण ते खरे नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना रडू द्या आणि जवळ बसा.

प्रतिसाद २
मुले दिसण्याबद्दल लिहितो. हा बहुधा शार्ल बोने सिंड्रोम असावा. स्विस निसर्गशास्त्रज्ञ बोने यांनी १७६० मध्ये आपल्या दृष्टी अधू झालेल्या आजोबांना दिसणाऱ्या आकृत्यांचे वर्णन केले होते. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदू स्वतःच चित्रे निर्माण करतो. हे वेड नव्हे. लोक आपल्याला वेडे ठरवतील या भीतीने अनेक वृद्ध हे लपवतात, तेव्हा आपणच शांतपणे विषय काढावा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगावे. आवाजही ऐकू येत असतील किंवा ती मुले खरीच आहेत असे आईंना वाटत असेल, तर वेगळी तपासणी आवश्यक आहे.

प्रतिसाद ३
झोप, भूक आणि बोलण्यातला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवला असेल, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उतारवयातही उपचार होतात.