मदत हवी आहे: इनऑरगॅनिक केमिस्ट्रीत पीएचडी करायची आहे, लॅब कशी पारखू?

एमएस्सी दुसरे वर्ष, डिसेंबरची सीएसआयआर-नेट (संशोधन फेलोशिपची परीक्षा) देतोय. हवेत न टिकणाऱ्या मेटल कॉम्प्लेक्सवर (धातूच्या अणूला इतर रेणू जोडलेली संयुगे) काम करायची इच्छा आहे. डोळ्यासमोर आयसर पुणे, एनसीएल (पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि बंगळुरूच्या आयआयएससीचा आयपीसी (इनऑरगॅनिक अँड फिजिकल केमिस्ट्री) विभाग. सरांना मेल काय करू? लॅब बघायला गेलो तर काय बघू?

प्रतिसाद १
‘आपल्या संशोधनाने प्रभावित झालो’ हे वाक्य आधी खोडा. त्या ग्रुपचा अलीकडचा एकच पेपर सप्लिमेंटरीसकट (सोबतच्या पुरवणी माहितीसकट) वाचा आणि त्यातला खराखुरा प्रश्न विचारा. उदा. इव्हान्स पद्धतीने (द्रावणात मोजून) आलेला मॅग्नेटिक मोमेंट स्क्विडच्या (घन नमुन्याचे चुंबकत्व मोजणारे यंत्र) आकड्याशी जुळत नाही, तर द्रावणात रेणूची भूमिती बदलते का? मेल दहा ओळींचा, सोबत एक पानी सीव्ही. त्यात स्वतः हाताळलेलीच उपकरणे लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

प्रतिसाद २
लॅबमध्ये शिरल्यावर ग्लव्हबॉक्सचा (हवाबंद, निष्क्रिय वायूने भरलेली कामाची पेटी) आकडा बघा. ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही १ पीपीएमच्या खाली हवे. सॉल्व्हंट कोरडा करायला सोडियम-बेंझोफिनोनवर टीएचएफ (नेहमीचा सॉल्व्हंट) उकळत असेल तर रंग गडद निळा-जांभळा हवा. पिवळट दिसला तर त्या सॉल्व्हंटमध्ये पाणी किंवा हवा आहे, कॉम्प्लेक्स मरणारच.

मग श्लेंक लाइनचा (हवा टाळून काम करायची व्हॅक्यूम आणि निष्क्रिय वायूची नळ्यांची जोडणी) ट्रॅप, म्हणजे पंपाआधी वाफा गोठवणारी, द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली नळी. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर, ऑक्सिजन उणे १८३ वर द्रव होतो. पंप चालू असताना कुठला नळ उघडा राहिला की हवा आत ओढली जाते आणि ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव साठतो. त्यात सॉल्व्हंट असला तर स्फोट. असे झाल्यास काय करता, हे तिथल्या मुलांना विचारा. उत्तर अडखळले तर त्या लॅबचा विचार सोडा, नाव कितीही मोठे असो.

सिंगल क्रिस्टल एक्स-रेचा (स्फटिकावरून रेणूची रचना काढायची चाचणी) नंबर किती दिवसांनी लागतो, हेही विचाराच. ०.२ मिमीचा सुंदर स्फटिक रांगेत पडून सॉल्व्हंट सोडतो आणि पांढरी भुकटी होते.

प्रतिसाद ३
पैशांचे: नेट-जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोशिप) पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये, मग एसआरएफ (सीनियर) ४२,०००, घरभाडे वेगळे. प्रोजेक्टवरची जागा असेल तर प्रोजेक्ट कधी संपतो ते आधी विचारा. नेटच्या पार्ट सीमध्ये ६० पैकी २५च प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण, चुकला की १ गेला. ग्रुप थिअरी आणि ऑर्गनोमेटॅलिक आधी उरका. गेटचा फॉर्मही भरून ठेवा.

धागाकर्ता
ट्रॅपचे डोक्यात नव्हते. टीएचएफ डिस्टिल न करता कॉलम सिस्टिममधून (पाणी शोषणाऱ्या पदार्थाने भरलेल्या नळ्या) घेत असतील तर पाणी किती आहे ते कसे कळणार?

प्रतिसाद २
कार्ल फिशर (पाणी मोजायचे टायट्रेशन). नाहीतर ग्लव्हबॉक्समध्ये त्या टीएचएफमध्ये केटिलचा (सोडियम-बेंझोफिनोनचे तेच निळे-जांभळे द्रावण) एक थेंब टाका, रंग टिकला तर चालेल.