मनात माया नसताना केलेल्या कामाला सद्गुण म्हणायचं का? ह्यूम वाचताना अडलो

धुऱ्यावरचा_यवतमाळ
एमएच्या पेपरसाठी डेव्हिड ह्यूम, अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ, वाचून राहिलो. परवा रात्री एकदम पाणी आलं, शेजारच्या वावरात सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, आणि त्या भाऊशी धुऱ्यावरून आमचं दोन वर्षं बोलणं बंद. तरी बॅटरी घेऊन गेलो, ताडपत्री ओढली, कडेनं धोंडे ठेवले. माया काडीची नव्हती, नुसतं 'जायले पाहिजे' एवढंच. आता ह्यूम १७४० मधे 'ट्रीटिज ऑफ ह्यूमन नेचर' या त्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात म्हणतो का कृतीचं चांगलेपण तिच्यामागच्या हेतूत असते, आणि 'चांगलं आहे म्हणून करतो' हा पहिला हेतू होऊच शकत नाही, नाहीतर चांगलेपण कशात हे सांगताना आपण गोल फिरत राहू. मग माझ्या जाण्यात सद्गुण कुठं होता?

वर्धेकर
तिथंच पुढं वाच ना भाऊ. जी माया बाकीच्यांत असते ती आपल्यात नाही हे कळलं की माणूस स्वतःवरच चिडतो आणि नुसतं कर्तव्य म्हणून ते काम करतो, करता करता तो गुण अंगी यावा म्हणून. म्हणजे कर्तव्याला जागा आहे, फक्त मागून येणारी. त्याच काळातला तत्त्वज्ञ फ्रान्सिस हचेसन (१७२५ चं पुस्तक) मात्र परहिताची इच्छा असेल तरच सद्गुण म्हणेल, त्याच्याकडे तुझं काही जमणार नाही.

मास्तरीण_पुसद
मला हे पटत नाही. जोसेफ बटलर या इंग्रज धर्मोपदेशकानं १७२६ च्या प्रवचनांत साफ सांगितलंय, सदसद्विवेकबुद्धीचा जोर कमी पडला तरी बाकी वासनांवर अधिकार तिचाच. आणि तत्त्वज्ञ रिचर्ड प्राइस (१७५८ चं पुस्तक) तर म्हणतो की स्वभावाचा ओढा जेवढा मदतीला येतो तेवढा करणाऱ्याचा सद्गुण कमी. माया नसताना चिखलात गेलास, म्हणून तर त्याचं मोल जास्त. मायेवर सोडलं असतं तर गंजी भिजलीच असती.

डवरा
ह्यूमचे दोन शेतकरी विसरले का तुम्ही? आज तुझं पीक तयार, उद्या माझं, पण दोघांत ना माया ना भरवसा, म्हणून दोघांचाही हंगाम हातचा जाते. त्यावर त्याचा उपाय वचनाचा, माया नसली तरी काम अडू नये म्हणून माणसानं काढलेली सोय. पण तुमच्यात तर बोलचालच नाही, वचन कुठून येईन? मले वाटते तू त्या माणसासाठी गेलाच नाही, पिकासाठी गेला. माझ्या बापाले कोणाचंही धान भिजताना पाहवत नाही, वैरी का असेना. ह्यूम तेच लिहिते, माणूसजात म्हणून सरसकट प्रेम कोणातच नसते, पण कोणाचंही दुःख डोळ्यापुढं जवळ आलं का ते थोडंफार लागतेच. मग हेतू होता ना तुझ्यात, कर्तव्याच्या आधीचा.

धुऱ्यावरचा_यवतमाळ
डवरा भाऊ, हे बरोबर बसलं. ताडपत्री टाकायच्या आधी मी गंजीत कोपरापर्यंत हात घातला होता, पाणी किती खाली गेलं पाहायले. आत कोरडं लागलं तेव्हा जीव भांड्यात पडला. ते आतापर्यंत ध्यानातच नव्हतं. मास्तरीणबाई, प्राइसच्या हिशेबानं मग माझं मोल घटलं, नाही का?

मास्तरीण_पुसद
घटलं, पण सगळं नाही. दोन वर्षांचा राग होता ना, तो ओलांडूनच गेलास की.