चिनी वैद्यक ‘पाच हजार वर्षं अखंड’? जरा थांबा

पाटावरवंटा (धागाकर्ता)

परवा इथे ‘रानवारा’ यांनी लिहिलं, की चीनने पाच हजार वर्षांची वैद्यकपरंपरा अखंड जपली, म्हणून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी संशोधक तू यूयू (Tu Youyou) यांना २०१५चं नोबेल मिळालं. आपण आयुर्वेद कपाटात कोंबला, म्हणून आपण कोरडे. त्यावर टाळ्यांचा पाऊस. प्रतिसादात मावेना म्हणून हा वेगळा धागा.

अखंड कसलं? १९२९ साली चीनच्याच सरकारी आरोग्य समितीने जुनं वैद्यक मोडीत काढायचा ठराव केला. मांडणारा यू युनशिउ, जपानात शिकून आलेला डॉक्टर. शांघायमध्ये वैद्य आणि औषधवाले एकवटले तेव्हा तो बारगळला. लेखक लू शुन तर वडिलांच्या आजारपणात वैद्याने काढ्यासाठी रातकिड्यांची जोडी मागितली, तीही मूळचीच हवी, दुसरेपणाची नको, यावरून वैद्यांची आयुष्यभर टर उडवत राहिला.

मग माओ आला. डॉक्टर मूठभर, माणसं अफाट. वैद्यांना कामाला लावणं ही गरज होती. १९५६ साली बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ, चेंगदूला कॉलेजं निघाली, पाठ्यपुस्तकं छापली गेली. घराण्याघराण्यांच्या एकमेकांना छेद देणाऱ्या रीती गाळून एक सरकारी शास्त्र तयार झालं. तुम्ही ज्याला प्राचीन म्हणून हात जोडता, त्याचा साचा तेव्हाचा.

आणि ‘चिनी’ म्हणजे कोणाचं? तिबेटी वैद्यकाचा मूळ ग्रंथ ग्युशी, ती वात-पित्त-कफावर उभी आहे. वाग्भटाचं अष्टांगहृदय अकराव्या शतकातच तिबेटीत गेलं होतं. उइगुर हकिमांचे चार दोष युनानी, गुरू इब्न सिना. युन्नानच्या दाइ लोकांच्या ताडपत्रांवर पृथ्वी-आप-तेज-वायू आणि पंचस्कंध, थेरवादी बौद्धांकडून आलेले. ल्हासाच्या टेकडीवरचं चाकपोरी हे १६९६चं वैद्यकविद्यालय १९५९मध्ये तोफांनी पाडलं. २०१८ साली तिबेटी औषधी स्नान युनेस्कोच्या यादीत नोंदवलं, अर्जदार चीन. जपलं म्हणे!

रानवारा

माझ्या नावाने धागा, धन्य झालो. नोबेलचं मात्र सोयीस्करपणे गाळलंत. बाईंना वाट दाखवली ती चौथ्या शतकातल्या गे होंगच्या पोथीने: मूठभर छिंगहाव (ज्या वनस्पतीतून ते औषध निघालं ती) पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. त्यांनी नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच याला पारंपरिक चिनी वैद्यकाची देणगी म्हटलंय. त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?

फार्माकाका

बाई औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधर. चिनी वैद्यकाचा अभ्यासक्रम नंतर केला, तोही सरकारने पाठवलं म्हणून. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक मलेरियाने मरत होते, म्हणून २३ मे १९६७ला प्रकल्प ५२३ सुरू झाला. शेकडो वनस्पती चाळल्या. पोथीत कृती होती, पण उकळल्यावर गुण जातो हे त्या ओळीवरून ताडलं बाईंनी, आणि कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरमध्ये अर्क काढला. १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधला मलेरिया साफ झाला. पुढे रेणू वेगळा काढला, रचना शोधली, माणसांवर चाचण्या घेतल्या. बक्षीस पारंपरिक वैद्यकाला देत नाही आहोत, हे नोबेल समितीच्या सदस्याने त्याच वेळी सांगितलं होतं.

दुसरी बाजूही ऐका. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या गोळ्यांत फांगजी या चिनी औषधी वनस्पतीच्या नावाखाली अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती गेली. शंभरावर बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही. तीही परंपरेचीच देणगी ना? आणि आपल्याकडे सापसण घेणाऱ्यांनी खूश होऊ नये, ती त्याच कुळातली.

वैद्यबुवा

आलात का घसरत आयुर्वेदावर! मात्रा आणि शोधन माहीत नसलेल्याने दिलं तर दूधही बाधतं. ताप आला की प्रतिजैविकं वाटणाऱ्यांवर कधी धागा निघतो का? माझ्या मावशीला वेदनाशामकांनी मूत्रपिंडाचा त्रास झाला, एका मोठ्या रुग्णालयात. तेव्हा कुणी ‘पाश्चात्त्य परंपरा’ म्हणून बोटं मोडली नाहीत.

सुईदोरा

मी अ‍ॅक्युपंक्चर करते, गिरगावात. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केलाय, तरी लग्नसमारंभात ‘सुया टोचणारी बाई’ अशीच ओळख करून दिली जाते. माझे सासरे गुडघ्यांमुळे जिना चढत नव्हते. आता चढतात आणि चढून आल्यावर मला शिव्याही देतात. आणि हे ‘परकं’ म्हणणाऱ्यांनी डॉ. कोटणीसांना विसरू नये. त्यांच्यामुळेच ही विद्या आपल्याकडे आली.

सोलापुरी_चादर

थांबा थांबा. कोटणीस आमच्या गावचे, म्हणून बोलतो. ते सर्जन! मुंबईच्या जी.एस. मेडिकलचे. १९३८ साली काँग्रेसच्या पाच डॉक्टरांच्या पथकातून, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेले, तिथल्या बेथ्यून रुग्णालयाचे पहिले संचालक झाले, ९ डिसेंबर १९४२ला तिथेच गेले. सुया शिकायला गेले नव्हते. त्या पाच जणांतल्या डॉ. बिजय बसूंनी पुढे, १९५०च्या दशकाअखेर, चीनला पुन्हा जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणलं. आमच्या माणसाला कुठल्याही बोर्डावर चिकटवू नका.

सुईदोरा

बरं, बसू. पथक एकच होतं ना? भावना लक्षात घ्या.

सोलापुरी_चादर

भावना वेगळी, इतिहास वेगळा. उद्या म्हणाल पथकातले अटल आणि चोळकर गेले होते पंचकर्म करायला. माणूस आघाडीवर रात्रंदिवस शस्त्रक्रिया करत होता, अपस्माराचे झटके येत असताना! बत्तिसाव्या वर्षी गेला. आणि पुण्यामुंबईचे लोक त्याचं नाव काढतात ते क्लिनिकची जाहिरात करायला.

निशाचर

पुण्याला कशाला ओढताय? आम्ही काय केलं?

सोलापुरी_चादर

चोळकर नागपूरचे होते हे किती पुणेकरांना माहीत आहे सांगा. हात वर करा.

पाटावरवंटा

मंडळी, धागा वैद्यकावर आहे.

निशाचर

तुमचा धागा गेला वाहून. (चोळकर मला माहीत होते. उगाच.)

फार्माकाका

सुईदोरा, सासऱ्यांना नमस्कार. पण जर्मनीतली कंबरदुखीची मोठी चाचणी बघा: ११६२ रुग्ण, सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी सुमारे ४८ टक्क्यांना आराम, मुद्दाम चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांना ४४, नेहमीच्या उपचारांना २७. सुईची जागा कोणतीही असली तरी चालतं म्हणजे तुमच्या त्या नाड्या-बिंदूंच्या नकाशाचं काय करायचं?

सुईदोरा

२७ कोणाचे? तुमचे! आमच्या खोट्या सुयासुद्धा तुमच्या गोळ्यांना हरवतात, आणि नकाशाचा हिशोब मी द्यायचा? रुग्ण माझ्याकडे तासभर असतो. तुमच्याकडे किती वेळ असतो, ते मी बोलत नाही.

फार्माकाका

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. नाइलाजाने मान्य.

लेहवाला

नोकरीमुळे लेहला होतो. पोट कायम बिघडलेलं. शेजारच्या ‘आमचीं’नी (तिबेटी वैद्याला तिथे आमची म्हणतात) नाडी बघून चुरा दिला, बरं वाटलं. पाणी बदललं म्हणून की चुऱ्यामुळे, देव जाणे. धागाकर्त्यांनी चीनला झोडपलं, पण सोवा-रिग्पाला, म्हणजे तिबेटी वैद्यकाला, मान्यता द्यायला भारताला २०१० उजाडलं. धरमशालेत तिबेटी लोकांनी १९६१पासून मेन-त्सी-खांग ही वैद्यकसंस्था स्वतःच्या बळावर चालवलं. गावातल्या आमचींना पूर्वी धान्य मिळायचं, लोक शेतात राबून फेड करायचे. आता फेड नाही, पगार नाही, मुलगा टॅक्सी चालवतो. युनेस्कोची यादी कुणी का भरेना, त्याच्या मुलाला ग्युशी पाठ करायला कोण बसवणार?

रानवारा

म्हणजे निदान चीनने पैसा तरी ओतला! तिबेटी औषधांचे कारखाने आहेत, रुग्णालयं आहेत. माझं म्हणणं हेच होतं.

पाटावरवंटा

कारखान्याला गोळ्या लागतात, गुरूची मर्जी नाही. जुन्या आमचीचं औषध प्रत्येक रोग्यागणिक आणि ऋतूगणिक बदलतं; डबाबंद गोळी सगळ्यांना एकच. आणि मागणी वाढली की डोंगर ओरबाडले जातात. खवल्या मांजराचे खवले चीनने आपल्या औषधसंहितेच्या यादीतून काढले ते थेट २०२० साली. चिनी औषधात लागणाऱ्या गाढवाच्या कातड्याच्या डिंकापायी आफ्रिकेतली गाढवं संपायला आली, तेव्हा आफ्रिकी संघाने २०२४मध्ये कातड्यासाठीच्या कत्तलीवर बंदी घातली. जपणं म्हणजे विकणं नव्हे.

वैद्यबुवा

हे मात्र खरं. आमच्याकडे च्यवनप्राशात लागणाऱ्या अष्टवर्गातल्या आठ वनस्पती खऱ्या मिळतच नाहीत, प्रतिनिधी द्रव्यं घालतो. च्यवनप्राश घेणाऱ्यांनी डोळे मिटावेत.

रानवारा

‘अखंड’ मागे घेतो. ‘पाच हजार’सुद्धा घ्या, दोन हजार ठेवा. नोबेल सोडणार नाही. गे होंग नसता तर बाई इथर कशात ओतणार होत्या?

फार्माकाका

छिंगहाव यादीत गे होंगशिवायही होतंच, आधीच्या चाचण्यांत गुण कधी दिसत होता, कधी नाही. पण ठेवा, ठेवा तुमचं नोबेल.

सोलापुरी_चादर

सुईदोराबाई, बोर्डावर कोटणीसांचा फोटो आहे का हो तुमच्या?

सुईदोरा

आहे. बसूंचा कुठे मिळाला तर पाठवा.